राखणीचं हत्यार

कोकणातून नवी मुंबईत येणाऱ्या सामानात सगळं येतं. उकडे तांदूळ येतात, सोलं येतात, कुळथाचं पीठ येतं, गणपतीनंतर परतताना काकड्या आणि दोडकी येतात. बंदूक तेवढी येत नाही. परवान्यावर तिची हद्द लिहिलेली असते, आणि तिचं घर म्हणजे कुडाळ तालुक्यातलं आमचं माजघर, तिथल्या दोन लाकडी खुंट्या. मात्र तिचे कागद नेरुळच्या घरात आहेत: परवान्याची झेरॉक्स, नूतनीकरणाच्या चलनाच्या पावत्या, सातबारा, आणि पोलीस ठाण्यात जमा केल्याच्या पोचपावत्यांचा एक जाडजूड गठ्ठा. नेरुळ, सानपाडा, कोपरखैरणे या पट्ट्यात असे कागद सांभाळणारी घरं पुष्कळ निघतील. लोखंड गावाला आणि कागद इकडे, अशी आमच्या पिढीची वाटणी झाली आहे.

बंदूक ठासणीची. एकनळी, केपाची. नळी मागून उघडत नाही, काडतूस घालायची सोय नाही. जे काही भरायचं ते तोंडातून भरायचं आणि गजाने ठासायचं. गोऱ्या शिकाऱ्यांच्या पुस्तकांत असते तसली आट्यांची रायफल ही नव्हे. हिची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे नेम तीस-चाळीस पावलांपलीकडे देवावर हवाला. पण देशाच्या कायद्यात हिला नाव घेऊन जागा दिलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच शेतकऱ्याला दुसऱ्या प्रकारची गुळगुळीत नळीची बंदूक द्यायची. म्हणजे सरकारच्या लेखी हे शेतीचं अवजारच. दसऱ्याला आमच्याकडे ती कोयता, पारय आणि नांगराच्या फाळाशेजारी मांडली जायची, तीही त्याच हिशेबाने. कर्नाटकातल्या कोडगूत बंदुकीचा मान याहून मोठा. तिथल्या कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे, आणि भाताची लावणी आटोपली की कैलपोधच्या सणाला ते बंदुकांची पूजा करतात. आम्हाला सूट नाही, कागद आहेत.

बंदुकीचे मालक म्हणजे माझे धाकटे काका. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांकडून मी बंदूक उडवायला शिकलो नाही. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि या बाबतीत ते फार कडक. मी शिकलो ती धुवायला. आणि मला आता असं वाटतं की या बंदुकीत शिकण्यासारखं निम्म्याहून अधिक धुण्यातच आहे.

हातात घेतल्यावर पहिलं काम गज टाकून बघायचं. नळीचं तोंड आपल्या तोंडापासून लांब, आभाळाकडे. गज सोडायचा. नळी रिकामी असेल तर तो तळाशी जाऊन टण्णकन वाजतो. बार भरलेला असेल तर आवाज बद्द येतो आणि गज चार बोटं वर राहतो. गजावर तात्यांनी कानशीने एक खूण केली होती: रिकाम्या नळीत ती खूण बरोबर तोंडाशी येते. माजघरातून बंदूक ओटीवर आणली की तात्या आधी म्हणणार, “बार आसा काय ता बघ.” दोन मिनिटांपूर्वी त्यांनीच गज टाकलेला असला तरी पुन्हा टाकायचा. त्यात विश्वास-अविश्वासाचा प्रश्न नाही. भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून अगदी सारखी दिसते, आणि गावोगाव ज्या दुर्घटना झाल्या त्या बहुतेक रिकाम्या समजलेल्या बंदुकांनी केल्या.

भरायची रीत तात्या न बोलता करत. म्हशीच्या शिंगातली दारू बांबूच्या लहानशा मापात घ्यायची आणि मापातून नळीत. शिंगातून थेट कधीच नाही. नळीत एखादी ठिणगी उरली असली तर हातातलं सगळं शिंगच उडेल. वर नारळाच्या सोडणाचा काथ्या चुरगाळून घालायचा आणि गजाने ठासायचा. आधी गज खाली रुतत जातो, मग हळूहळू घट्ट लागतो आणि शेवटी हातातून वर उसळी घेतो. उसळला की बसला. मग छर्रे, वर पुन्हा थोडा काथ्या, छर्रे सांडू नयेत एवढाच. केप सगळ्यांत शेवटी, आणि तीही जागेवर जाऊन बसल्यावर. घोडा अर्ध्या चापावर. एवढं होईस्तोवर ससा असेल तर शेजारच्या गावात पोचतो.

ही केपही एका शिकाऱ्याच्याच वैतागातून आली. त्याआधीच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक पेटायची, मग नळीतला बार. मधल्या क्षणात ज्वाळा बघून पाखरं उडून जायची. स्कॉटलंडमधले एक धर्मोपदेशक, अलेक्झांडर फोर्साइथ, फावल्या वेळात बदकं मारायचे. त्यांनी ठोक्याने पेटणारं मिश्रण वापरायची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. पन्नास वर्षांनी, 1857 मध्ये, आपल्याकडे ज्या एनफील्डवरून भडका उडाला तीही ठासणीचीच होती. कागदी पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि मग चरबी लावलेली गोळी ठासायची. बंदूक तोंडातून भरायची नसती तर पुडी दातात धरायची वेळच आली नसती, आणि मंगल पांडे यांचं नाव कदाचित आपल्याला ठाऊकही नसतं. असो.

धुण्याकडे येतो. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होऊन उडत नाही, क्षार होऊन मागे राहतो, काही हवेत आणि पुष्कळसा नळीत. हा काळा थर पावसाळ्यातल्या मिठासारखा ओल धरतो. कोकणची हवा आणि हा क्षार एकत्र आले की लोखंडाला एक रात्र पुरते. म्हणून तात्यांचा नियम: आज वाजवली तर आजच धुवायची, कितीही वाजलेले असोत. न्हाणीतल्या हंड्यातून कढत पाणी काढायचं, नळी दस्त्यापासून सोडवायची, मागचं टोक बालदीत बुडवायचं आणि गजाला चिंधी गुंडाळून वरून पंपासारखं वरखाली करायचं. केप बसते त्या बारीक भोकातून पाणी आत खेचलं जातं आणि परत बाहेर येतं. पहिलं पाणी शाईसारखं नव्हे, शाईच. आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. तो वास गंधकाचा, बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. दुसरं पाणी राखाडी. तिसरं किंवा चौथं स्वच्छ आलं की शेवटचं पाणी अगदी उकळतं, हाताला फडकं गुंडाळल्याशिवाय नळी धरवणार नाही इतकं. नळी तापली की आतली ओल आपोआप उडते, पुसून कधीच निघत नाही ती. मग कोरडी चिंधी, मग तेलाची. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. तात्या शिलाई मशीनचं तेल वापरत. पितळी टोपणाची ती छोटी बाटली काकूंच्या मशीनच्या खणातून सारखी गायब असायची आणि त्यावरून घरात भांडण व्हायचं.

आणि हो, काडतुसातली बिनधुराची दारू फोडून या बंदुकीत भरायची नाही. ती फार जोरात पेटते. नळी फुटते आणि डावा हात जातो. गावात एकाचा गेलेला आहे.

शिकारीबद्दल तात्या हल्ली कमी बोलतात, पण त्यांच्या तरुणपणी ती होती आणि उघड होती. 1951 चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा होता, शिकारीचे परवाने आणि मोसम होते. ते कोण किती पाळत असे ते विचारू नये. भात कापून झालं की रान हाकायचं. वरच्या अंगाने पोरं आणि कुत्रे आरडाओरडा करत उतरायचे, खालच्या वाटांवर बंदूकवाले बसायचे. जागा ठरवून दिलेली, ती सोडायची नाही, आपल्या डाव्या-उजव्या हाताला कोण आहे ते आधी बघून ठेवायचं. डुकराच्या वाटणीत हाकाऱ्यांना वाटा, बंदुकीला जास्तीचा वाटा, कुत्र्यांनाही वाटा. ठासणीच्या बंदुकीला एकच बार. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत रान रिकामं होतं, आणि बार उडाल्यावर समोर जो पांढरा धूर उभा राहतो त्यात लागलं की नाही तेही लगेच कळत नाही. जखमी डुक्कर त्या धुरातूनच अंगावर येतं. म्हणून बसणारा माणूस फार वेळा चाप ओढतच नसे. अंतर जास्त आहे, मधे करवंदीची जाळी आहे, डुकराचं तोंड चुकीच्या बाजूला आहे, सोडून दे. काडतुसाच्या बंदुकीने माणूस सैल होतो, असं तात्यांचं मत. मला ते पूर्ण पटत नाही. ठासणीच्या बंदुका घेऊन बेछूट शिकार केलेली माणसंही आमच्याच गावात होती. भेकरं आणि पिसोरी त्यांनीच संपवत आणली. हत्याराने शहाणपण येत असतं तर प्रश्नच नव्हता.

1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे सगळं कागदावर थांबलं, आणि काही वर्षांनी बऱ्यापैकी खरंही थांबलं. आज पिकात शिरलेलं रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं, वाटणी नाही. मला या कायद्याबद्दल तक्रार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळीवर ‘सत्तांतर’ लिहिलं ते मी वाचलं आहे, आणि गावातल्या माडावर बसून कोवळी शहाळी खाली टाकणाऱ्या वांदरांना शिव्याही घातल्या आहेत. दोन्ही एकाच माणसाच्या हातून होऊ शकतं.

शिकार गेली तरी बंदूक राहिली, कारण मुळात ती राखणीसाठीच होती. भात पोटरीत आलं, दाण्यात दूध भरलं की डुकरं उतरतात. एका रात्रीत कळप कुणग्याचा कुणगा लोळून काढतो. खातो त्याहून तुडवतो जास्त. मग शेताच्या कडेला माळा बांधायचा, वर झापं टाकायची, खाली शेकोटी घालायची, आणि रात्रभर कोणीतरी जागायचं. पत्र्याचा डबा बडवायचा, कुकारे द्यायचे. आणि दोन-तीन तासांनी एकदा बंदूक, तीही बिनछऱ्यांची. नुसती दारू आणि काथ्या. बार डोंगरावर आपटून परत येतो आणि पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकायला लागतात. मग तिथला राखणदार आपला डबा बडवून जागा असल्याचं कळवतो. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, रिकाम्या बाराला डुक्कर कशाला भिणार? तात्या म्हणाले, “डुकराक बंदूक कळना नाय, झिला. माणूस जागो आसा, ह्या कळता.”

नवी मुंबईत बसून हे सगळं लिहिताना एक गोष्ट सारखी जाणवते. या मातीतल्या माणसांच्या आठवणीतली बंदूक वेगळी आहे. आम्ही एसटीने गावाला जातो तेव्हा पनवेल, पळस्पे सुटलं की शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा पलीकडच्या कर्नाळ्याचे किल्लेदार होते. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने 1878 मध्ये शस्त्र कायदा आणला आणि देशी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याला बांधलं; पुढच्याच वर्षी फडके रामोशांना घेऊन उठले. तलवारी, भाले आणि थोड्या जुन्या बंदुका, एवढ्या भांडवलावर. उरणच्या बाजूला चिरनेर आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी आक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तोही जंगलात लाकूड तोडायचा हक्क कुणाचा या प्रश्नावरून. आणि जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. नेरुळच्या मूळच्या आगरी शेजाऱ्यांपुढे मी आमच्या बंदुकीचा विषय काढला तेव्हा त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, तुमच्याकडं शेतकऱ्याच्या हातात होती, आमच्याकडं शेतकऱ्यासमोर होती. मी राहतो ती इमारत त्यांच्या खाजण-शेतीच्या जमिनीवर उभी आहे. त्यावर मला काय बोलता येणार होतं?

कागदांच्या गठ्ठ्यातल्या त्या पोचपावत्यांविषयी मात्र बोलता येईल. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. कोकणात या ना त्या निवडणुकीची आचारसंहिता असतेच. कोणाची बंदूक घ्यायची आणि कोणाची नाही हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते, सरसकट गोळा करू नयेत असंही अपेक्षित आहे. व्यवहारात म्हाताऱ्या शेतकऱ्याला कोणी समिती समजावून सांगत बसत नाही. निरोप येतो, तो बंदूक खांद्याला लावून एसटीत बसतो. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला आली की भात नेमकं कापणीला आलेलं असतं. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. आणि परत मिळते तेव्हा बंदूक कोपऱ्यात इतर बंदुकांच्या ढिगात, पावसाळी भिंतीला टेकून उभी असलेली. नळीवर तांबूस पूड, गजाला गंज, एकदा तर दस्त्याला वाळवीची माती. तात्या घरी आले की जेवायच्या आधी हंड्याखाली जाळ घालत. न वाजलेली बंदूकही धुवावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

पण बंदूक असली काय, नसली काय, डुकरं वाढली ती वाढलीच. आता गवे येतात. तिकडे दोडामार्गात तर हत्ती आहेत, त्यांच्यापुढे या छऱ्यांचं काय? लोक म्हणतात शिकारबंदीने वाढली. थोडं खरं असेल. पण आमच्या वाडीत उभं राहून बघितलं तर दुसरंच दिसतं. तात्यांच्या शेताच्या वरची चार घरं बंद आहेत. त्यांचे कुणगे पडीक, त्यांत घाणेरी आणि रानमोडी पुरुषभर वाढलेली, डुकरांना दिवसा लपायला याहून बरी जागा नाही. पूर्वी डुक्कर डोंगरातून यायचं, आता शेजारच्या घरातून येतं म्हणा ना. आणि त्या चार घरांतली माणसं कुठे आहेत? एक घणसोलीत, एक कामोठ्यात, दोन डोंबिवलीला. पाचवा मी. कोकण रेल्वेचं मुख्यालय आमच्या बेलापुरात आहे. 1998 मध्ये गाडी पूर्ण मार्गावर धावायला लागली तेव्हा गाव जवळ आलं म्हणून आम्ही पेढे वाटले. गाडी दोन्ही बाजूंनी चालते, पण भरून येते ती इकडेच. राखणीची बंदूक हे हत्यार एका गृहीतावर चालतं, की तिच्याजवळ रात्री कोणीतरी जागं असेल. ते गृहीत कायदा करणाऱ्यांनी लिहून ठेवलं नाही, कारण 1959 मध्ये ते लिहिण्यासारखं वाटलंच नसणार.

गेल्या वर्षी तात्या ऐंशीच्या पुढे गेले. हात थरथरतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याजवळ राहिलं, की ते कायदेशीर वारसाच्या नावावर करता येतं. वारसाला अर्थात आपला परवाना स्वतंत्र घ्यावा लागतो. नाहीतर सरकारजमा. म्हणून नेरुळला आमच्या हॉलमध्ये सगळे जमले. तात्यांचे दोन मुलगे, एक रबाळ्याच्या एमआयडीसीत आणि एक विमा कंपनीत, दोघांनीही हात वर केले. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, चकरा. रजा कुठून आणायची? सरकारजमा करू, असं थोरल्याने हळू आवाजात म्हटलं. तात्या काही बोलले नाहीत, चहात बिस्कीट बुडवत राहिले.

मग त्यांची मुलगी म्हणाली, मी घेते. ती खारघरला शाळेत शिकवते, आणि दोन वर्षं झाली, मे महिन्यात गावाला जाऊन काजूचं तीच बघते. भावांनी तिच्याकडे बघितलं. तात्यांनी विचारलं, “धुवूक येता?” ती म्हणाली, “मशीनचा तेल कोण आणून देय होता तुमका?”

अर्ज तिने तिथेच माझ्या टेबलावर भरायला घेतला. शेतीचं क्षेत्र सातबाऱ्यावरून उतरवलं. पिकांचा तपशील आला तिथे तिने लिहिलं: भात, नाचणी, काजू. धाकट्या भावाने वाकून बघितलं आणि म्हणाला, नाचणी कित्याक लिवलंस, आपण नाचणी घालून किती वर्सां झाली? ती पेन्सिलीने खोडणार इतक्यात तात्या म्हणाले, “ऱ्हावंदे. लिवलंस तर पेरूक व्हयी मगे.” त्यावरून भरडावरची जागा साफ करायला कोणाला लावायचं, जूनमध्ये कोण जाणार, शाळा तेव्हाच सुरू होते त्याचं काय, थोरल्याची रजा नक्की कशात संपते, असा वाद सुरू झाला. साडेअकराची शेवटची लोकल चुकेल म्हणून डोंबिवलीवाले उठले, तरी दारात उभं राहून तो चालूच होता.